रेजिनाच्या वाटेवरचा होकार

मला नाही म्हणता येत नाही. आमच्या नागपूरच्या घरात वडीलधाऱ्यांनी काही विचारलं की मान डोलवायची, एवढंच मी शिकलो. बायको म्हणते, "तू एक दिवस या होकारापायी मरशील." नोव्हेंबरातल्या त्या सकाळी तिचं म्हणणं खरं होता होता राहिलं.

कॅनडातल्या सस्काटूनला आमच्या शेजारी एक पाकिस्तानी अंकल आपल्या मुलीकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढे. वडिलांच्या एका जिनिंग मिलवरून त्यांनी चार सूतगिरण्या उभ्या केल्या, मग सरकारने त्यांना विमान कंपनीच्या प्रमुखपदी बसवलं. आता ते आमच्याकडे आल्याचा चहा प्यायला येतात. पण रिकामा कप अजूनही न बघताच पुढे करतात, कुणीतरी घेणारच या खात्रीने. मीच घेतो, दुसरं कोण!

त्या दिवशी त्यांची मुलगी टोरांटोला गेली होती. सकाळीच बेल वाजवून म्हणाले, "बेटा, रेजिना चलना है. डेढ़ बजे जनाज़ा है. गाड़ी ठीक है? टायर?"

"एकदम ठीक, अंकल!"

बर्फावर न घसरणारे विंटर टायर्स गॅरेजमध्ये पडले होते. बदलायची अपॉइंटमेंट पुढच्या शनिवारची. हे सगळं माहीत असून अडीच तासांवरच्या रेजिना शहराला जायला मी गाडी काढली. लेक दारातून ओरडली, "ड्राइव्ह सेफ, डॅड!"

तासाभराने बर्फ सुरू झाला. आडवा वारा, आणि समोरचा ट्रक बघता बघता दिसेनासा झाला. एका वळणावर गाडीची मागची बाजू सरकली. अरे बाप्पा, आता गेलो! लेकीचा आवाज कानातून जाईना. वेग कमी केला, पण थांबू या म्हणायचं धाडस होईना.

अंकलना यातलं काही कळलं नसावं. ते ज्याच्या जनाज्याला निघालो होतो त्याच्याविषयी बोलत होते. तो त्यांच्या विमान कंपनीत इंजिनियर होता. एकदा मंत्री विमानात बसले होते, उशीर होत होता, आणि अंकलनी स्वतः त्याला फोन करून विचारलं, जहाज़ ठीक है? तो म्हणाला, जी साहब. विमान उडायला योग्य असल्याच्या कागदावर त्याने सही केली. विमान एका इंजिनावर परत आलं. माणसं वाचली, त्याची नोकरी मात्र गेली. चौकशीत त्याला विचारलं, शंका होती तर सही का केलीस? तो एवढंच म्हणाला, साहब ने पूछा था.

"इतने साल रेजिना में टैक्सी चलाता रहा," अंकल म्हणाले. "मैं एक बार नहीं गया."

तेवढ्यात गाडी परत सरकली. या वेळी ती रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यापाशी जाऊन थांबली. कसाबसा निम्म्या वाटेवरच्या डेव्हिडसनच्या गॅस स्टेशनपर्यंत पोचलो. अंकलनी घड्याळ बघितलं. "चलो बेटा, पहुँच जाएँगे."

मान डोलायला लागली होती. मी ती हाताने धरायची तेवढी बाकी होती.

"नाही," मी म्हणालो. चक्क मराठीतच. मग हिंदीत सगळं सांगून टाकलं: "मैंने झूठ बोला, अंकल. विंटर टायर्स लगे ही नहीं हैं. मुझे बहुत डर लग रहा है. मैं आगे नहीं जाऊँगा."

आता ते रागावतील, या भीतीने मी काचेवरच्या वायपरकडे बघत राहिलो. या माणसाला आयुष्यात कुणी असं बोललं नसेल.

अंकल मात्र दार उघडून खाली उतरले. दीड वाजेपर्यंत आम्ही आत कॉफी मशीनपाशी बसलो. दीड वाजता अंकल उठले, रेजिनाच्या बाजूच्या खिडकीशी गेले आणि दुआ मागायला दोन्ही हात उचलून उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल झाले होते.

"उसने भी इतना ही कह दिया होता," ते म्हणाले. मग माझा रिकामा कप उचलून त्यांनी स्वतः कचऱ्यात टाकला.

"नहीं बेटा," ते म्हणाले. "मैंने कहने ही कहाँ दिया."