शेवटच्या नाचाचं रीडिंग

२००८, नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. आमच्या फर्मची फी ठरलेली: नऊशे डॉलर अधिक टॅक्स. कॅनडात, ग्वेल्फ गावातल्या एका जुन्या चर्चच्या बेसमेंटमध्ये आम्ही तिघं छताकडे बघत उभे होतो. चर्चच्या प्रॉपर्टी कमिटीचे डग, वरच्या हॉलमध्ये दर महिन्याला नाच घेणाऱ्या मार्गारेट, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून मी. ऑक्टोबरच्या नाचात छताचं एक पॅनेल निखळून खाली पडलं होतं. बेसमेंटमध्ये दिवसा डेकेअर चालतं. त्या संध्याकाळी तिथे कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

"इन्शुरन्सवाल्यांना तुमच्या सही-शिक्क्याचा रिपोर्ट हवाय," डग म्हणाले. "फ्लोअर नाचायला चालेल, असा. नाहीतर जानेवारीपासून नाच बंद."

"शाळेच्या जिमची चौकशी केली मी," मार्गारेट म्हणाल्या. "आमच्या दाराशी तिकिटांचे जेवढे पैसे जमतात त्याच्या दुप्पट भाडं मागतात. हा हॉल गेला तर नाच गेला."

कॉन्ट्रा डान्स म्हणजे काय, हे मलाही त्याच दिवशी कळलं. माणसं समोरासमोर दोन ओळींत उभी राहतात. अशा जोडओळीला एक रांग म्हणायचं; या हॉलमध्ये तीन रांगा मावायच्या. हातात माइक घेतलेली कॉलर पुढची हालचाल आधी सांगते. मार्गारेट कॉलर होत्या. एक बाई फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवते, एक गृहस्थ पियानो. प्रत्येक जोडी रांगेत सरकत जाते आणि वाटेत दर खेपेला नव्या जोडीबरोबर नाचते. मधूनमधून सगळे हात धरून एकदम पाय आपटतात. शाळेतलं लेझीम ज्यांनी केलंय त्यांना ही गंमत लगेच कळेल.

मी आधी रिकाम्या हॉलमध्ये टेस्ट केली. हॉलच्या मधोमध सेन्सर ठेवला, त्याच्याशेजारी चवड्यांवर उभा राहिलो आणि टाचा धपकन खाली सोडल्या. लॅपटॉपवर आलेख उमटला.

"यासाठी आम्ही नऊशे डॉलर देतोय?" डगनी विचारलं.

"उडी माझी फुकट आहे," मी म्हटलं. "आलेख वाचायचे पैसे."

लाकडी तुळया ठणठणीत होत्या. फ्लोअर कोसळण्याची भीती नव्हती. प्रश्न हलण्याचा होता. झोपाळ्याला बरोबर वेळेवर हलकासा धक्का देत राहिलं तरी तो उंच जातो. फ्लोअरचीही तशी स्वतःची एक लय असते. नाचणाऱ्यांचे पाय त्या लयीशी जुळले, की हलणं वाढत जातं. मी गणित मांडलं. कागदावर हा हॉल नापास होत होता.

पार्किंग लॉटमधून बॉसला फोन लावला. गुरमीतजी विंटर टायर बदलून घ्यायला गॅरेजमध्ये बसले होते.

"कागज़ पे फेल है ना? 'नॉट सूटेबल' लिखो और घर जाओ, पाठकजी."

"सर, फॉर्म्युला में सब लोग एक ताल में पैर मारते हैं. यहाँ तो फॅमिलीवाले हैं, आधे लोग पहली बार आ रहे हैं. नाच देख लेता हूँ."

"एक घंटा. बस."

संध्याकाळी नाच सुरू झाला. पहिल्या तासाला रीडिंग हलण्याच्या ठरलेल्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी आलं. येणारच. डावीकडे वळा म्हटलं की अर्धी रांग उजवीकडे. एक आजोबा दर खेपेला भलत्याच बाईंना नमस्कार करून पुढे जायचे. पण मार्गारेट एकदाही "चुकलं" म्हणाल्या नाहीत. नवीन जोडपं दिसलं की त्यांना अनुभवी जोडीच्या शेजारी उभं करायचं, आधी संगीताशिवाय चालवून घ्यायचं, मग म्हणायचं, "रस्ता चुकलात तर हसा आणि समोर जो हात येईल तो धरा." जोड्या सरकत असल्यामुळे नवख्याला रांगेतला प्रत्येक जण थोडं थोडं शिकवत होता. एका बाईने माइकवरून साऱ्या हॉलला असं पुढे नेलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

तास संपला. मी वायरी गुंडाळायला घेतल्या.

"पास?" मार्गारेटनी विचारलं.

हो म्हणणारच होतो. पण आलेखावर प्रत्येक नाचाचं रीडिंग आधीच्या नाचापेक्षा थोडं वर होतं. मी वायरी पुन्हा जोडल्या आणि बसून राहिलो.

शेवटच्या नाचात तेच आजोबा अचूक वळत होते. तिन्ही रांगांचे पाय एकदम पडले, पियानोवरच्या कपबश्या किणकिणल्या आणि रीडिंग मर्यादेच्या वर गेलं.

सगळे गेल्यावर मी मार्गारेटना लॅपटॉप दाखवला.

"ही चढती रेघ कसली?"

"फ्लोअरच्या हलण्याची. म्हणजे खरं तर तुमच्या शिकवण्याची."

त्या हसल्या नाहीत. "मग मी वाईट शिकवू?"

कोपऱ्यात डग खुर्च्या रचत होते. त्या भिंतीलगतच्या जमिनीवर चालून पाहिलं, तर तिथे फ्लोअर दगडासारखा. तुळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडव्या टाकलेल्या होत्या. भिंतीपाशी त्या जवळजवळ हलत नाहीत, सगळं हलणं मध्ये.

"मधली रांग काढता येईल? दोनच रांगा, भिंतींच्या कडेने?"

"काही लोकांना आळीपाळीने बसावं लागेल. चालेल. पण लहान मुलं आईवडलांबरोबर मधल्या रांगेत असतात."

"केवढी?"

"सहाच्या आतली."

"ती तालात नाचतात?"

"मिस्टर पाठक, मी तीस वर्षं बालवर्गाला शिकवलंय. नाही."

"मग फक्त त्यांनाच मध्ये राहू द्या."

डिसेंबरच्या नाचाला त्यांनी फ्लोअरवर पिवळी टेप लावून पट्टे आखले. पुन्हा शनिवार म्हटल्यावर बायको आणि मुलगी माझ्याबरोबर आल्या. मध्ये चिमुरडी मुलं आपापल्या तालात उड्या मारत होती, कडेने दोन रांगा. शेवटच्या नाचालाही रीडिंग मर्यादेच्या बरंच खाली राहिलं. मी ते दोनदा तपासलं.

"झालं ना मोजून?" बायको म्हणाली. "आता त्या मशीनला बसू द्या. तुम्ही उठा."

मुलगी म्हणाली, "Baba, they're doing one more!"

सोमवारी गुरमीतजींनी रिपोर्ट वाचला. "'मधल्या पट्ट्यात फक्त सहा वर्षांखालची मुलं.' पाठकजी, ये रिपोर्ट है या बर्थडे पार्टी का कार्ड?"

"रीडिंग्ज़ साथ में लगाई हैं, सर."

त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "छत के पॅनेल क्लिप से पक्के करवाने का भी लिख दो." ते लिहिलं आणि मी शिक्का मारला. इन्शुरन्सवाल्यांनी रिपोर्ट मान्य केला. जानेवारीचा नाच त्याच हॉलमध्ये झाला.

धडा एवढाच: नवशिक्यांचा हॉल तपासायचा असेल, तर शेवटच्या नाचाआधी निघू नये. शिकवणारी चांगली असेल तर मुळीच नाही.

फीचा चेक चर्चच्या कमिटीने फर्मला दिला. डिसेंबरच्या खेपेचं बिल मी लावलं नाही, कारण रीडिंग घेतल्यावर मी नाचलो होतो. फॅमिलीचं तिकीट पंधरा डॉलर होतं. ते दाराशी मार्गारेटच्या हातात दिले.