कॅमेऱ्याला मारलेली पाचर

दुपारच्या सुट्टीत धाकट्या सुनेने फोन उघडला आणि हातातला घास हातातच राहिला.

फोनमध्ये घरची पुढची खोली दिसत होती. खिडकी, खिडकीखालची खुर्ची, आणि जमिनीवर चारी पाय वर करून पडलेलं स्टूल. त्याच्या पलीकडे, चित्राच्या अगदी कडेला, सासऱ्यांची चप्पल. एकच. दुसरी चप्पल आणि चप्पल घालणारा, दोघेही कडेच्या पलीकडे कुठेतरी.

तिने बोटाने उजवीकडचा बाण दाबला. कपाटावर बसवलेला कॅमेरा एरवी बाण दाबला की शहाण्या मुलासारखा मान वळवायचा. आज नुसता कर्र असा आवाज आला आणि चित्र तिथल्या तिथे. खालचा बाण दाबला. पुन्हा कर्र. ना उजवं ना खाली.

"बाबा?" ती फोनमध्ये म्हणाली. तिचा आवाज तिकडे खोलीत ऐकू जातो, तिकडचा इकडे येतो. तिकडून पंख्याची घरघर तेवढी आली.

हा कॅमेरा हौसेने आलेला नव्हता. मागे म्हातारा न्हाणीघरात पडला आणि कुणाला न सांगता संध्याकाळपर्यंत तिथेच भिंतीला टेकून बसून राहिला. विचारलं तर म्हणे, "गार वाटत होतं." थोरला मुलगा दूरच्या शहरातून धावत आला, कॅमेरा लावून दिला आणि जाताना बजावून गेला, "पुन्हा पडलात तर मी ऐकणार नाही. माझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली आहे. सामान भरायचं आणि निघायचं." बाबा म्हणाले, "मी काय सामान आहे का?" पण आवाजात दम नव्हता. घर सोडायचं म्हटलं की त्या माणसाचा चेहरा वात विझल्यासारखा व्हायचा.

धाकटा, म्हणजे हिचा नवरा, ट्रक घेऊन लांबच्या खेपेला गेलेला. फोन लागत नव्हता. त्याचा फोन कामाच्या वेळी लागला असता तर नवल.

ती ज्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची तिथली मुकादमबाई मागून म्हणाली, "काय गं, फोनमध्ये तोंड घालून बसलीस? सुट्टी संपली तर तुझ्या वाटच्या चादरी मी नाही दाबणार."

"सासरे पडलेत वाटतं. पण दिसत नाहीत."

"दिसत नाहीत तर पडलेत कशावरून?"

तिने फोन पुढे केला. मुकादमबाईने चप्पल पाहिली आणि तिची थट्टा तिथेच सुकली. "माणूस एका चपलेवर बाहेर जात नाही," ती हळूच म्हणाली. "त्या कॅमेऱ्याच्या कंपनीला लाव फोन. मी मशीन बघते."

मदतकेंद्रातल्या मुलीचा आवाज साखरेत घोळलेला. "नमस्कार, कॅमेरा फिरत नाहीये का? काळजी करू नका. आधी सांगा, तुम्ही मालक म्हणून जोडलेल्या आहात की पाहुण्या म्हणून?"

"म्हणजे?"

"कॅमेरा कुणाच्या नावावर आहे? पाहुण्यांना कधी कधी फिरवायची परवानगी नसते."

"नावावर थोरल्या दिरांच्या आहे. मी पाहुणी. घरात सोळा वर्षं झाली, अजून पाहुणीच. पण सकाळी फिरत होता हो."

"मग परवानगी आहे. खाजगी मोड चालू झाला असेल तर डोळा मिटून घेतो—"

"डोळा उघडा आहे. मान वळत नाही. बाई, माझा म्हातारा माणूस घरात पडलाय. तुम्ही झटपट सांगा."

मुलीच्या आवाजातली साखर संपली आणि माणूस बोलायला लागलं. "ताई, शेजारी कुणाला पाठवता येईल का?"

ते सुनेला सुचलंच नव्हतं. घाबरलेल्या माणसाला पायाखालचा रस्ता दिसत नाही तसं झालं. तिने मुकादमबाईच्या फोनवरून खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईला उठवलं. रात्रपाळी करून झोपलेली ती बाई वर जाऊन दार ठोकून आली. "आतून कडी आहे गं. आवाज देत नाहीत."

आतून कडी. म्हणजे बाबा घरातच.

मदतवाली म्हणाली, "एक उपाय करू. सेटिंगमध्ये शेवटी एक बटण आहे. ते दाबलं की कॅमेरा स्वतःच या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवून बघतो. अडकला असेल तर सुटेल."

तिने बटण दाबलं. कर्र, कर्र, कर्र. चित्र हिवताप भरल्यासारखं थरथरलं. उजवीकडे बोटभरसुद्धा सरकलं नाही. पण थरथरताना तळाशी काहीतरी तपकिरी डोकावलं. घडी घातलेल्या पुठ्ठ्याची कड.

ती कड तिने ओळखली. ओळखणार नाही तर काय? घरभर तेच होतं.

बाबांनी उभा जन्म बस चालवली. त्यांच्या बसमध्ये काच खडखडली, पत्रा वाजला, सीट कुरकुरली की पुढच्या थांब्याला पुठ्ठ्याची घडी घालून पाचर मारायचे. प्रवासी खोळंबले तरी चालतील, खडखडाट चालायचा नाही. डेपोतले लोक म्हणायचे, याची गाडी आली ते कळत नाही, दारात उभी राहिली की कळतं. निवृत्त झाले आणि घराच्या मागे लागले. खिडकीला पाचर, कपाटाच्या पायाला पाचर, पाण्याच्या टाकीच्या झाकणाला पाचर. सून एकदा म्हणाली होती, "माझ्या तोंडालाच तेवढी राहिली." त्यावर ते म्हणाले होते, "तिथे पुठ्ठा पुरायचा नाही."

आणि हा कॅमेरा तर मान वळवताना दिवसभर कर्र कर्र करायचा. चांगल्या कानाच्या माणसाला तो जाच किती, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. चढले असतील स्टुलावर, मारली असेल पाचर, आणि उतरताना स्टूल गेलं.

"ताई, काहीतरी अडकलंय," मुलगी म्हणाली. "पुन्हा एकदा करून बघा. जोर लावला तर निघेल."

सुनेने पुन्हा दाबलं. कर्र, कर्र, कर्र. मोटर कण्हायला लागली. पुन्हा दाबलं. आता आवाज बारीक झाला, चिरका, घशात काटा अडकल्यासारखा.

आणि चित्राच्या कडेपलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. "अगं दाबू नकोस. गिअरचे दात जातील त्याचे."

सुनेने फोन तोंडाजवळ धरला. मुकादमबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, कुठे आहात?"

"इथेच."

"पडलात?"

"बसलोय."

"कुठे?"

"खाली. खाली बसलं तर काय बिघडलं? सगळं जग बसतं."

"मघापासून मी हाका मारतेय. नर्सबाई दार ठोकून गेली. का बोलला नाहीत?"

पंखा फिरत राहिला. मग आवाज आला, आता अगदी लहान. "थोरल्याला कळवू नकोस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. दोन्ही एकदमच आलं; सासरची माणसं दोन्ही एकदमच आणतात. "आधी कडी काढा," ती म्हणाली. "सरकता येतं का?"

"हात चालत नाही उजवा. पाय आहेत."

"मग पायाने सरका. मी बोलत राहते."

मग बराच वेळ फोनमध्ये नुसतं घासटणं ऐकू येत राहिलं. कापड फरशीवर घासल्याचं, मध्येच थांबल्याचं, दम टाकल्याचं. समोर चित्र तेच, स्टूल आणि चप्पल. मुकादमबाई मशीन सोडून शेजारी येऊन उभी होती. मदतवाली मुलगी अजून फोनवर होती. कुठेतरी बाबा विव्हळले. सून म्हणाली, "बाबा, पुढच्या थांब्याला दार. गाडी मध्ये सोडायची नाही." घासटणं पुन्हा सुरू झालं.

कडी पडल्याचा आवाज आला तेव्हा तिघींनी एकदम श्वास सोडला.

दाराबाहेर परत येऊन थांबलेली नर्सबाई आत शिरली, त्यांना बघितलं, मग खुर्चीवर चढून पाचर उपटली. सुनेने बाण दाबताच कॅमेरा दावं सुटलेल्या बैलासारखा एकदम उजवीकडे वळला आणि दाराशी भिंतीला टेकलेले बाबा फोनमध्ये आले. घामाने भिजलेले, उजवा हात पोटाशी धरलेला. डाव्या हाताने त्यांनी तोंड झाकून घेतलं.

सून कामावरून थेट दवाखान्यात पोहोचली तेव्हा कळलं, खुबा शाबूत आहे, मनगट मोडलंय. प्लास्टर घालून रिक्षाने घरी आले तोवर सूर्य कलला होता. थोरल्या दिरांचा फोन वाजत होता. कॅमेरा त्यांच्या नावावर, त्यांनी साठवलेलं चित्र मागाहून पाहिलंच होतं.

"रविवारी येतो," ते म्हणाले. "सामान भरून ठेव."

बाबा समोर खुर्चीत होते, खाली बघत. सून म्हणाली, "भाऊजी, पडले हे खरं. पण कडी त्यांनीच काढली, एक हात मोडलेला असताना. कॅमेरा त्यांना दिवसभर छळतो, तो बदला आधी. आणि यापुढे ते हाक मारतील. ज्या दिवशी मारणार नाहीत त्या दिवशी सामान मीच भरेन."

दीर म्हणाले, "हे त्यांनी कबूल केलंय?"

तिने फोन बाबांपुढे धरला. त्यांनी घसा खाकरला. "पडलो तर बोलेन," ते म्हणाले. एवढं बोलायला त्यांना दाराशी सरकण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. "रविवारी ये. जेवून जा. सामान राहू दे."

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "मी हाक मारली नव्हती गं. त्या मोटरीचं कण्हणं ऐकवेना म्हणून बोललो."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि त्यांच्या प्लास्टरखाली उशी सरकवली. "पुढच्या वेळी माझ्यासाठी हाक मारा."