दहा रुपयांचं शहाळं

वसुलीवाला आला तेव्हा मी ऑफिसात होते. त्यानं आधी माझी बेल दाबली, मग समोरची. समोरच्या काकूंशी तोवर माझं बोलणं जिन्यातला दिवा आणि पाण्याची वेळ यापलीकडे गेलं नव्हतं. त्या साठी ओलांडलेल्या, एका शाळेत क्लार्क होत्या, आता निवृत्त. दार उघडताना साखळी काढायच्या नाहीत. त्या संध्याकाळी मात्र मी जिना चढून आले तर दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात उभ्या होत्या.

"तुमच्याकडे बँकेचा माणूस आला होता," त्या म्हणाल्या. "तुमच्याबद्दल बरंच सांगत होता. मी म्हटलं, एवढी माहिती आहे तर मला कशाला विचारता?"

मला तिथेच रडू फुटलं. वाशीमहून पुण्याला येऊन मला आठ वर्षं झाली होती. पहिली कंपनी अचानक बंद पडली आणि पुढची नोकरी मिळेपर्यंत पाच महिने मी दोन क्रेडिट कार्डांवर काढले. कार्डांचं भरायला पर्सनल लोन घेतलं, लोनचे हप्ते भरायला पुन्हा कार्ड वापरलं. सगळं मिळून चार लाखांच्या वर गेलं होतं. घरी काही माहीत नव्हतं. उलट दर महिन्याला मी आईला पैसे पाठवत होते, आणि ते कुठून पाठवत होते हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

काकूंनी माझं रडणं संपायची वाट पाहिली. मग म्हणाल्या, आमच्यावरही कर्ज आहे. उद्या संध्याकाळी सातला वही घेऊन या. दिवसभराचा खर्च लिहायचा आणि एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवायचा. मनातल्या मनात वाचलं की माणूस स्वतःला फसवतो.

दिवाळी नुकतीच झाली होती. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेऊन गेले. काकूंची वही जाड, कापडी बांधणीची होती, कोपरे झिजलेले. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि मधे टीपॉय. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. वाचताना काकू त्या दाराकडे अधूनमधून बघायच्या आणि आवाज खाली आणायच्या, आत कुणी झोपलेलं असावं तशा.

नियम एकच होता. ऐकणारीनं फक्त "बरं" म्हणायचं, नाहीतर "का?" म्हणायचं. उपदेश करायचा नाही. पहिल्या आठवड्यात मला इतके "का?" ऐकावे लागले की मी कॅबनं जाणं सोडलं आणि स्वारगेटवरून बस धरू लागले. फोनवरून भाजी मागवणं बंद केलं. शनिवारी मंडईत जाऊन आठवड्याची भाजी एकदम आणायला लागले. कॉफी एकशे ऐंशी, असं मोठ्यानं वाचताना इतकं ओशाळल्यासारखं व्हायचं की प्यायचीच नको वाटायची. जास्त व्याजाचं कार्ड आधी संपवायचं, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं.

काकूंचे आकडे ऐकून मी थक्क व्हायचे. दूध अर्धा लिटर, नऊ रुपये. मला वाटलं, एकोणतीस म्हणाल्या असतील आणि माझ्या ऐकण्यात चूक झाली. कोथिंबीर, दोन रुपये. रिक्षा, स्वारगेट ते घर, अठरा. मी विचारलं, "का?" तर म्हणाल्या, "पायी चालवत नव्हतं ह्यांना."

म्हणजे काका होते. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण वहीत ते रोज असायचे. ह्यांची ब्लेडं. ह्यांच्या गोळ्या. ह्यांना शहाळं, दहा रुपये. काकूंनी "ह्यांना" म्हटलं की आतल्या खोलीतून खाट करकरल्याचा आवाज यायचा. कूस बदलल्यासारखा, हलकाच. मी एकदा विचारलं, काका कसे आहेत? "आहेत तसेच," त्या म्हणाल्या आणि पुढची ओळ वाचायला लागल्या.

डिसेंबरच्या थंडीत एक दिवस त्यांनी वाचलं, छत्रीची काडी बसवली, पंधरा रुपये. पुढच्या पावसाळ्याची तयारी आत्ताच करत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. पुण्यात तशी माणसं असतात. स्वस्ताईचीही मी कारणं शोधून ठेवली होती. जुने दुकानदार असतील, कुणी ओळखीचा दूधवाला असेल. मला त्या सात वाजण्याची इतकी गरज होती की दुसरा काही विचार मी करतच नव्हते. फेब्रुवारीत माझं पहिलं कार्ड संपलं. काकूंनी शिवणाची कात्री आणून दिली आणि मी कार्डाचे चार तुकडे केले. त्यांनी शिरा केला होता. "साखर बेताची आहे," म्हणाल्या. "दोघींच्या हिशेबात बसेल एवढीच."

एप्रिल आला. पंखाही गरम वारा फेकत होता. काकूंनी चष्मा सारखा केला आणि नेहमीच्या एकसुरी आवाजात वाचलं, "पणत्या एक डझन, बारा रुपये. उटण्याची पुडी, पाच. ह्यांना नवा सदरा, एकशे साठ."

आतून खाट करकरली.

मी "बरं" म्हणाले नाही आणि "का?" असंही विचारलं नाही. खिडकीतून दिवसभर तापलेल्या भिंतींची झळ येत होती आणि काकू दिवाळीची खरेदी वाचत होत्या. काकूंनी पान उलटलं. त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळीच्या आदल्या दिवसाची लगबग होती, आणि ती मला सर्वांत जास्त भीतिदायक वाटली.

त्याच आठवड्यात भाडेकराराच्या कागदासाठी मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. ते पहिल्या मजल्यावर राहायचे. बोलता बोलता मी म्हणाले, समोरचे काका आजारी असतात, काकूंवर कर्जही आहे, मेंटेनन्सला उशीर झाला तर जरा सांभाळून घ्या.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणते काका?"

"समोरचे. काकूंचे मिस्टर."

"अहो, त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली," ते म्हणाले. "मी स्वतः खांदा दिलाय. आणि कर्ज कसलं? मेंटेनन्स वर्षाचा आगाऊ भरतात त्या."

तीन दिवस मी काकूंकडे गेले नाही. सात वाजले की माझ्या दाराला आतून कडी घालायचे आणि टीव्ही मोठा करायचे. त्या तीन दिवसांत बाहेरून जेवण मागवलं, गरज नसताना बूट घेतले. बँकेतून फोन येत होते, ते वेगळेच. चौथ्या दिवशी सातला माझी बेल वाजली. काकू बाहेर उभ्या होत्या, छातीशी वही धरून.

"तीन दिवसांचं वाचायचं राहिलंय," त्या म्हणाल्या.

मी त्यांना आत घेतलं. माझं सगळं वाचलं, बुटांसकट. त्या प्रत्येक ओळीला "बरं" म्हणाल्या. बुटांना जरा वेळानं म्हणाल्या. मग त्यांनी वही उघडली तेव्हा मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, की ही वही कधीची आहे?

काकूंनी वही मिटली आणि सांगायला लागल्या. काकांचा छापखाना होता, तो बुडाला. भागीदारानं घेतलेलं कर्जही यांच्याच गळ्यात पडलं. तेव्हा दोघांनी मिळून ही वही सुरू केली. रोज सातला काका आकडे सांगायचे आणि काकू लिहायच्या, मग मोठ्यानं वाचून दाखवायच्या. "बरं" आणि "का?" हे त्यांचेच. वर्ष पुरं व्हायच्या आत ते गेले. उरलेले हप्ते काकूंनी पगारातून फेडले, सगळे, पण पुन्हा एक ओळ लिहिली नाही. वही कपाटात तळाशी राहिली. माझ्या दाराशी वसुलीवाला आला त्या दिवशी त्यांनी ती बाहेर काढली.

"तुम्हाला धीर यावा म्हणून काढली," काकू म्हणाल्या. "खोटं नाही सांगत. पण पहिल्या दिवशी वाचायला लागले आणि आत आवाज झाला."

"मलाही येतो तो आवाज," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. इतके महिने त्यांना वाटत होतं, की तो त्यांना एकटीलाच ऐकू येतो.

आम्ही दोघी उठून समोर गेलो आणि काकूंनी आतल्या खोलीचं दार उघडलं. लोखंडी खाट होती. तिच्यावर गादी गुंडाळून ठेवलेली, वर वर्तमानपत्रांचा गठ्ठा, त्यावर धूळ. मी खाटेवर हात टेकून दाबून पाहिलं. करकरली, अगदी तशीच. खिडकी बंद होती. खोलीत बाकी काही नव्हतं.

"आता थोडीच पानं राहिली आहेत," काकू दारातूनच म्हणाल्या. "मी हल्ली एक दिवस दोन दिवसांत वाचते. तुमच्या लक्षात आलं नसेल."

खरंच आलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, की माझं अजून वर्षाहून जास्त बाकी आहे, आणि मला एकटीनं जमणार नाही. पान संपलं तरी सात वाजायला हवेत.

त्या दिवसापासून काकू मला अगं-तुगं करायला लागल्या.

पुढचे अडीच महिने आम्ही तसंच वाचत राहिलो. आता मला माहीत होतं आणि त्यामुळे ऐकणं जास्त अवघड झालं होतं. औषधांच्या ओळी वाढत गेल्या. सदऱ्याच्या, ब्लेडांच्या ओळी बंद झाल्या. काका पानापानानं कमी होत चालले होते आणि आम्ही दोघी ते बघत बसलो होतो, एक वर्तमानकाळात आणि एक अठरा वर्षांपूर्वी. बाहेर रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत असायचे. घरी गेल्यावर मी जिन्याकडची खिडकी लावून घ्यायचे.

शेवटच्या पानावर एकच ओळ होती आणि ती काकूंच्या अक्षरात नव्हती. वाकडी, थरथरती. "शहाळं, १०." त्या दुपारी काकू शाळेत होत्या. काकांनी खालून जाणाऱ्या गाडीवाल्याकडून शहाळं घेतलं आणि सात वाजायची वाट न पाहता स्वतःच लिहून ठेवलं. काकू घरी येईपर्यंत उशीर झाला होता.

त्यांनी ती ओळ वाचली. मी "बरं" म्हणाले. आत काही वाजलं नाही, निदान मला ऐकू आलं नाही. मग मी माझ्या वहीतलं मधलं कोरं पान सोडवून त्यांच्यापुढे ठेवलं आणि आज काय आणलं ते विचारलं. काकूंनी पेन घेतलं. दूध अर्धा लिटर, असं लिहिलं आणि थांबल्या.

"सदतीस," त्या म्हणाल्या. अठरा वर्षं त्या रोज दूध घेत होत्या, पण तो आकडा जणू पहिल्यांदाच ऐकत होत्या. "लुटतात मेले."

माझं लोन त्यानंतर पंधरा महिन्यांनी संपलं. मधे एकदा पगार थकला, एकदा मी आजारी पडले, एकदा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पैसे लागले आणि मग मी तिला सगळं सांगून टाकलं. ती फोनवर रडली आणि म्हणाली, आधी का नाही सांगितलं? बँकेकडून काही बाकी नसल्याचं पत्र आलं त्या दिवशी काकू आणि मी मस्तानी प्यायला गेलो. काकूंनी काउंटरवर तीन सांगितल्या. काउंटरवरच्या मुलानं तिन्हींचे पैसे मागितले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दुरुस्त केलं नाही. तिन्ही ग्लास टेबलावर आले. आम्ही आमचे दोन संपवले आणि तिसऱ्यातलं आइस्क्रीम हळूहळू विरघळत गेलं. काकू मधूनच त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून कर्जाचं पत्र किती दिवसांत आलं, बँकवाले काय म्हणाले, असं सांगत होत्या, अगदी नेहमीच्या आवाजात.

मला भीती वाटायला हवी होती. मी माझी खुर्ची जराशी सरकवून जागा केली.