छावणीतली निरीक्षणवही

बालविकास विषय घेऊन मी विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा आमच्या शिरूर कासार तालुक्यातल्या गावात ही पोरगी नक्की काय शिकते ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. आई म्हणायची, "लहान पोरं सांभाळायचं शिकती." त्यावर बायका हसायच्या. पोरं सांभाळायला कॉलेजात 'कावून', म्हणजे कशाला, जावं लागतं, असं विचारायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. पहिलं वर्षभर मलाही त्याचं उत्तर देता यायचं नाही.

तिसऱ्या वर्षी आम्हाला एक प्रात्यक्षिक होतं. तीन ते सहा वर्षांचं एक मूल निवडायचं आणि महिनाभर रोज त्याचं निरीक्षण करून वहीत लिहायचं. विद्यापीठाच्या आवारातच बालवाडी होती. घसरगुंडी, रंगीत ठोकळे, बाहुलीचं घर, तिथं सगळं होतं. माझ्या वाट्याला आलेल्या मुलानं पहिल्याच दिवशी मला दोन बडबडगीतं म्हणून दाखवली. काम सोपं आहे, असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी गावाकडून निरोप आला. ते दुष्काळाचं साल होतं. वडील पुण्याकडे कामाला गेलेले, आणि आई दोन बैल, एक गाय आणि तिचं वासरू घेऊन चारा छावणीत राहत होती. बैलाचा पाय तिच्या पायावर पडला होता, तिला उभंही राहता येत नव्हतं. मी रडवेली होऊन आमच्या मॅडमकडे गेले. त्या कडक होत्या. वर्ष वाया गेलं, असंच धरून चालले होते मी.

मॅडम म्हणाल्या, "मूल इथलंच पाहिजे, असं मी कधी म्हटलं? वही घेऊन जा. तपासणीचा तक्ता आणि चित्रांची कार्डंही ने. फक्त रोज लिही. एकदम बसून लिहिलेलं मला कळतं."

छावणी गावाच्या दूध सोसायटीनं चालवली होती, सोसायटीच्या इमारतीमागच्या माळावर. जनावरं दावणीला, आणि त्यांच्याशेजारीच जुन्या साड्या आणि ताडपत्र्या बांधून माणसांचे आडोसे. टँकरचं पाणी, चाऱ्याला ट्रॅक्टरनं आलेलं उसाचं वाडं, म्हणजे हिरवे शेंडे. आमच्या शेजारच्या आडोशात एक म्हातारे बाबा आणि त्यांची चार वर्षांची नात होती. पोरीचे आईबाप ऊसतोडीला गेले होते.

मी तिलाच निवडलं. रोज सकाळी तक्ता घेऊन तिच्यापुढं बसायचे, कार्डं दाखवायचे. हे काय? जहाज. हे काय? पियानो. ती माझ्याकडे बघायची आणि गप्प राहायची. नावं सांगते का? नाही. रंग ओळखते का? नाही. पूर्ण वाक्य बोलते का? नाही. सहा दिवस मी 'नाही'वर खुणा केल्या आणि शेवटी लिहून टाकलं, 'भाषाविकास वयाच्या मानाने मागे.'

आई बाजेवर पाय लांब करून हे सगळं बघत होती. सहाव्या दिवशी म्हणाली, "वही घिऊन बसतीस तिच्यापुढं, ती बोलंल कावून? तलाठ्यापुढं आपुन तरी बोलतो का?"

"मग काय करू?"

"वही ठिव. आपल्या जनावराचं शेण पडलंय, ते भर. पोरगी येती का न्हाई, बघ."

मला राग आला होता, पण शेण भरायचंच होतं. दुसऱ्या दिवशी मी शेणाची पाटी घेतली आणि पोरगी आपणहून मागं आली. छोट्या हातांनी शेण गोळा करू लागली. तिसऱ्या दिवशी बाबांनी आमच्या गाईला पाण्यावर नेलं होतं आणि वासरू हंबरत होतं. मी पाठमोरी होते. मागून आवाज आला, "रडायचं न्हाई. तुझी आई पानी प्यायला गेलीय, आता येनार हाय. मी हाय ना हितं."

मी वळलेच नाही. हलले तर ती थांबेल, अशी भीती वाटली. ती वासराची मान खाजवत कितीतरी वेळ बोलत राहिली.

त्या दुपारी मी आधीची पानं फाडायला निघाले होते. मग मॅडमचं 'रोज लिही' आठवलं. पानं ठेवली आणि खाली लिहिलं, 'वरचं निरीक्षण चुकीचं आहे. चूक माझी.' आईचं बोलणंही तिच्याच शब्दांत लिहिलं.

पुढं ती माझ्याशीही बोलू लागली. तिच्यामागं छावणीतली आणखी सात-आठ पोरं आली. सोसायटीच्या सचिवकाकांनी आम्हाला बसायला दूध संकलनाचा ओटा दिला. पोरांचं वजन घ्यायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी चाऱ्याचा काटा मागितला.

"आगं, त्यो वाडं मोजायचा काटा हाय, पोरं मोजायचा न्हाई," काका म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच काटा धुऊन वर स्वच्छ गोणपाट अंथरलं. "आन पोरं. ट्रॅक्टर यायच्या आत आटप."

दोघांचं वजन लई कमी भरलं. काकांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. दुसऱ्या सकाळपासून एक किटली दूध पोरांसाठी बाजूला निघू लागलं. आधीच दूध थोडं जमायचं, तरी एकाही शेतकऱ्यानं कुरकुर केल्याचं मी ऐकलं नाही.

महिना संपता संपता पोरीचे आईबाप परत आले. ती आधी आजोबांच्या मागं लपली, आणि मग एकदम आईच्या कमरेला मिठी मारून रडली. त्याच संध्याकाळी ते सगळे तिच्या मामाच्या गावी गेले. ती पुन्हा मला भेटली नाही.

आईचा पाय बरा झाल्यावर मी विद्यापीठात परतले. मॅडमनी उभ्यानंच वही वाचली. उंचीचा आलेख चुकला म्हणून गुण कापले. मग म्हणाल्या, "चुकलेली पानं ठेवलीस, हे चांगलं केलंस." पुढच्या आठवड्यात त्यांनी जहाज आणि पियानोची कार्डं पेटीतून काढून टाकली आणि आमच्याकडून नवी चित्रं काढून घेतली.

आता मी अंगणवाडी सेविकांना शिकवते. पुस्तकातलं बरंच सांगते, पण मूल बोलत नसेल तर आधी आपण कुठं बसलोय ते बघा, हे सांगताना तो माळच डोळ्यांपुढं असतो. त्या महिन्यात मला ज्यांनी शिकवलं, त्यांतल्या बहुतेकांना आपण काही शिकवतोय हे ठाऊकही नव्हतं.

पदवीदानाला आई आली होती. फोटो काढून मी वळले, तर ती आणि मॅडम झाडाखाली बोलत उभ्या होत्या. माझं कौतुक चाललं असेल, या आशेनं मी जवळ गेले. मॅडमना ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती, आणि आई हवेत हात फिरवून त्यांना पीठ कसं मळायचं ते सांगत होती. मॅडम पर्स काखेत धरून अगदी मन लावून ऐकत होत्या.