तिकडची पेन्शन

अमेरिकेतल्या पीएच.डी.चं माझं सहावं वर्ष चालू होतं. त्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या पगारातून एक नवीच कपात सुरू झाली. पगार विभागातल्या बाईंनी समजावून सांगितलं. परदेशी विद्यार्थ्याला पहिली पाच वर्षं ही कपात लागू नसते. पुढे करापुरतं त्याला तिथलाच रहिवासी धरतात. तरी शिकता शिकता विद्यापीठातच काम करणाऱ्याला सूट असते. पण सुट्टीत माझं नाव कुठल्याच वर्गात नव्हतं, म्हणून कापलं.

रविवारी दिग्रसला घरी व्हिडिओ कॉल केला तेव्हा आईला मी हे, रहिवासी धरण्यासकट, सहज बोलून गेले.

"कायचे पैसे कापून राह्यले?" ती भेंड्या चिरत होती.

"म्हातारपणी पेन्शन भेटते ना, त्याचे. अन् दवाखान्याचे."

तिचा हात थांबला. "म्हणजे तू म्हातारी होईपर्यंत तिथंच राह्यशीन काय?"

मी हसले. व्हिसा अजून विद्यार्थ्याचाच आहे, असं काहीबाही सांगत राहिले. तिनं फोन बाबांकडे दिला. पुढच्या रविवारी ती फोनवर आलीच नाही. शेजारी लोणचं घालायला गेली म्हणे. बाबा म्हणाले, "ते रहिवासी म्हणणं तिच्या मनाले लागलं."

मी परत येणार का, हे मलाच ठाऊक नव्हतं. तिला काय सांगणार?

ऑगस्टच्या शेवटी वर्ग सुरू झाले आणि कपात थांबली. मी लगेच फोन केला. आईनं पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. नोकरी लागली की परत कापतील, हे मी फक्त बाबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "राहू दे. खुश हाय तुही आई."

दुसऱ्या दिवशी आई एसटीनं कळंबला गेली आणि चिंतामणी गणपतीपुढे पेढे ठेवून आली.

डिसेंबरात मी घरी गेले. अंगणातल्या उन्हात आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मला राहवेना, नोकरी लागली की परत कापतील हे मी सांगून टाकलं.

"माहीत हाय मले," आई म्हणाली. "मी कळंबले निघाली तवाच तुह्या बाबानं सांगतलं. त्यायच्या पोटात काही राह्यते काय?"

"मंग पेढे काहून ठेवले?"

"थांबलं म्हणाली तू, तं बरं वाटलं. तेवढ्यासाठीच गेलती." तिनं आपल्या पुढ्यातल्या कोवळ्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या. "सोल आता. आमटीले उशीर होते."