मांदेलीशेजारची रेसची गाडी

२०१६ साली डहाणूच्या घरी मी जुन्या काळच्या रेसच्या गाडीचं वीतभर, हुबेहूब मॉडेल करत होतो. चाकांच्या तारा म्हणून जाळ्याचा बारीक नायलॉन धागा ओवला, तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या वेळात एक जाळं शिवून झालं असतं." पाच महिन्यांनी शेवटचा लाल रंग दिला. अंगणात आईनं जुन्या जाळ्यावर मांदेली सुकत घातली होती, तिथंच जाळ्याच्या कडेवर गाडी उन्हात वाळत ठेवली. दुपारी तिनं नेहमीसारखी सगळी मांदेली उलटी केली, आणि गाडीसुद्धा.

बॉनेटवर जाळ्याची नक्षी उमटली ती कायमची. पाहुण्यांना मी सांगतो, गाडी शर्यतीत उलटली होती.

आई आतून म्हणते, "मी उलटी केली ती. एकाच अंगानं कधी काही सुकतं का?"