फोनवरची हजेरी

भूकंपाच्या धक्क्यांनी आमच्या लुथरन मंडळीच्या प्रार्थनाघराला तडा गेला, तेव्हा रविवारची उपासना मोबाईलवर ऑनलाइन होऊ लागली. घंटा वाजवणाऱ्या गृहस्थांना काम उरलं नाही, म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना हजेरी घ्यायला सांगितली.

डहाणूत ते पाण्याचे पंप दुरुस्त करतात. बोलणं मोजकं. हाक दोनदाच मारतात, तिसऱ्यांदा स्वतः येतात.

हजेरी गावाच्या नावाने व्हायची. "झरी?" "हजर." झरीच्या आमच्या म्हाताऱ्या बाईंकडे फोन नव्हता. शेजारचा शेतकरी स्वतःचा फोन त्यांच्यासमोर धरून बसायचा आणि उत्तरही तोच द्यायचा. पाड्यांवर लोक भीतीने अंगणात झोपत होते, म्हणून आम्ही ताडपत्र्या वाटायचं ठरवलं. पहिली ताडपत्री घंटावाल्या गृहस्थांनी त्या शेतकऱ्याला दिली. तो आपल्या मंडळीतला नाही, असं मी म्हटलं.

"घर त्याचंही हलतं," ते म्हणाले.

एका रविवारी मी नरपडच्या माझ्या घरी झोपून राहिलो. दार वाजलं. दारात ते, खांद्यावर ताडपत्री.

"नरपडला दोनदा हाक मारली."

"डोळा लागला होता," मी म्हणालो.

त्यांनी भिंती पाहिल्या, छप्पर पाहिलं, शेवटी मला पाहिलं. मग खिशातून चालू फोन काढून म्हणाले, "नरपड हजर. झोपलं होतं."

"बरं. मग पहिलं गीत घेऊ या," फोनमधून पाळकसाहेब म्हणाले. सगळे अर्धा तास थांबले होते.

मी तोंड न धुताच गायलो.